फेडरल रजिस्टर डॉट गव्ह: अमेरिकेचं राजपत्र वाचायची साइट, खाचाखोचांसह

किंमत शून्य. जाहिराती नाहीत, लॉगिनची सक्ती नाही, "आमचं ॲप घ्या" म्हणत मध्येच उगवणारी चौकट नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने काल काय ठरवलं, उद्या काय ठरवू पाहतंय आणि ते कोणत्या तारखेपासून, हे ज्या कागदावर छापतात तो कागद ही साइट रोज समोर ठेवते. तरीही एच-१बी असो, टॅरिफ असो की एआय चिपांची निर्यात, आपल्याकडच्या गप्पा चालतात त्या टीव्हीखालच्या पट्टीवर आणि कुणाच्या तरी भाच्याने न्यू जर्सीहून पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर. साइट उत्तम आहे. पण ती काय सांगत नाही हे ठाऊक नसेल, तर तीही स्क्रीनशॉटइतकीच चकवते.

फेडरल रजिस्टर म्हणजे अमेरिकेचं राजपत्र. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून रोज निघतं. संपादन नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ऑफिस ऑफ द फेडरल रजिस्टरकडे, छपाई गव्हर्नमेंट पब्लिशिंग ऑफिसकडे. त्याचा जन्मच एका फजितीतून झाला. १९३०च्या दशकात रूझवेल्ट सरकारचे आदेश धबाधबा निघत होते, पण ते एका जागी छापायची सोय नव्हती. तेलाच्या कोट्यावरून पेटलेला पनामा रिफायनिंगचा खटला सुप्रीम कोर्टाच्या वाटेवर असताना सरकारच्याच ध्यानात आलं, की ज्या कलमाच्या जोरावर कारवाई चाललीय ते कलम मधल्या एका दुरुस्तीत चुकून गळून पडलंय. १९३५ मध्ये कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ ला पहिला अंक आला.

हे वर्ष लक्षात ठेवण्याचा एक फायदा आहे. राजपत्राचा संदर्भ खंड, मग 'एफआर', मग पान असा देतात. खंडाच्या आकड्यात १९३५ मिळवले की वर्ष निघतं: खंड ९० म्हणजे २०२५. कुणी "नवा नियम आलाय" म्हणून ८० एफआरचा संदर्भ टाकला, तर तो २०१५चा शिळा माल आहे हे लिंक न उघडताच कळतं. एच-१बीवाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांना कामाचा परवाना देणारा मूळ नियम त्याच ८०व्या खंडातला, आणि तो दर काही महिन्यांनी "आजची बातमी" म्हणून फिरत असतो.

साइटवर १९९४ पासूनचे दस्तऐवज शोधता येतात. त्याआधीचे, थेट पहिल्या अंकापर्यंतचे, गव्हइन्फो या सरकारच्याच दुसऱ्या साइटवर स्कॅन करून ठेवलेत. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: फेडरल रजिस्टर डॉट गव्हवर जो सुटसुटीत मजकूर दिसतो तो वाचायच्या सोयीसाठीचा अवतार. अधिकृत प्रत म्हणजे प्रत्येक पानाशी जोडलेली, गव्हइन्फोवरची तीन रकान्यांची पीडीएफ. वकिलाला पाठवायचं असेल, अर्जाला जोडायचं असेल, तर पीडीएफच घ्यावी. वाचायला मात्र वेबचं पान बरं; फोनवर ते तीन रकाने म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

आदल्या संध्याकाळचा पेपर

साइटचा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे 'पब्लिक इन्स्पेक्शन'. उद्या किंवा पुढच्या काही दिवसांत छापले जाणारे दस्तऐवज इथे आधीच लावतात, पूर्वी नोटीस बोर्डावर लावत तसे. वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची सकाळी ८:४५. तिथे उन्हाळी वेळ असते तेव्हा, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, आपल्याकडे संध्याकाळचे ६:१५. बाकी वर्ष ७:१५. खात्याने खास विनंती केली तर 'स्पेशल फायलिंग' म्हणून दिवसाच्या मध्येही भर पडते. त्यामुळे एकदाच पाहून निर्धास्त होऊ नये.

इथली प्रत कच्ची असते. पान क्रमांक नसतो, आणि तारखेच्या जागी कित्येकदा चौकटी कंसात "प्रकाशनानंतर ६० दिवसांची तारीख इथे घाला" अशी सूचना तशीच असते. गडबड इथेच होते. बातमी देणारा नोटीस लागल्याच्या दिवसापासून मोजतो, राजपत्र छापल्याच्या दिवसापासून मोजतं. मग एका संकेतस्थळावर एक शेवटची तारीख, दुसऱ्यावर दुसरी, आणि आपल्या ग्रुपवर दोन्ही. छापील आवृत्ती आली की तिच्या 'डेट्स' या परिच्छेदातली तारीखच धरायची.

एकाच अंकात दोन गोष्टी

साइट कशी वापरावी हे शिकायला २४ सप्टेंबर २०२५ चा अंक उघडावा. त्या एका अंकात एच-१बीशी संबंधित दोन दस्तऐवज आहेत. एक राष्ट्राध्यक्षांची घोषणा, क्रमांक १०९७३, एच-१बीच्या अर्जासोबत एक लाख डॉलर भरायला लावणारी. दुसरा होमलँड सिक्युरिटी खात्याचा, एच-१बीसाठी काढायची लॉटरी वेतनाच्या पातळीनुसार झुकती करण्याचा प्रस्ताव. आपल्याकडे या दोन्हींची खिचडी होऊन 'एच-१बीचा नवा नियम' असं एकच पातेलं फिरलं. खरं तर एक आधीच लागू झालेली होती आणि दुसऱ्याचा नुसता मसुदा होता.

घोषणेवर सही झाली शुक्रवारी, १९ सप्टेंबरला. ती लागू झाली २१ तारखेला मध्यरात्री १२:०१ वाजता पूर्व किनाऱ्याच्या वेळेने, म्हणजे भारतात रविवारी सकाळी ९:३१ला. राजपत्रात छापून आली २४ला. मधले दिवस फेडरल रजिस्टरवर शुकशुकाट. त्या काळात वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी रक्कम दरवर्षीची असल्यासारखं सांगितलं, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेविट यांनी ती एकदाच आणि नव्या व्हिसांसाठी असल्याचा खुलासा केला. सुट्टीवर पुण्या-मुंबईत आलेल्यांची परतीच्या तिकिटांसाठी धांदल उडाली ती याच शनिवार-रविवारात.

तेव्हा मूळ मजकूर व्हाइट हाउसच्या साइटवर होता. तो वाचला असता तर 'दरवर्षी' असा शब्द त्यात कुठेच नाही हे दिसलं असतं. पण ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांचं काय, हे मात्र त्यातून स्वच्छ कळत नव्हतं. भाषा देशात प्रवेश रोखण्याची, आणि अट पिटिशनसोबत, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यासाठी करायच्या अर्जासोबत, पैसे भरण्याची. तो उलगडा झाला स्थलांतराचे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएसच्या २० सप्टेंबरच्या अंतर्गत मेमोत: ही अट पुढे दाखल होणाऱ्या पिटिशनना, आधी दाखल झालेल्यांना नाही. आणि असे मेमो फेडरल रजिस्टरमध्ये येत नाहीत. खात्यांचे मेमो, प्रश्नोत्तरं, मार्गदर्शिका त्या त्या खात्याच्या साइटवर राहतात. साइटची ही पहिली आंधळी बाजू. लोकांच्या रोजच्या जगण्याला भिडणारे निम्मे खुलासे तिच्या कक्षेबाहेर आहेत.

दुसरा दस्तऐवज पाहा. त्याच्या 'ॲक्शन' या ओळीत 'नोटिस ऑफ प्रपोज्ड रूलमेकिंग' लिहिलंय, म्हणजे आज काही बदलत नाही. हरकतींना ३० दिवस, २४ ऑक्टोबरपर्यंत. चौथ्या, म्हणजे सर्वात वरच्या, वेतनपातळीच्या उमेदवाराची चिठ्ठी सोडतीत चारदा, तिसऱ्याची तीनदा, दुसऱ्याची दोनदा, पहिल्याची एकदा. अंतिम नियम आला २९ डिसेंबर २०२५ ला, लागू २७ फेब्रुवारी २०२६ पासून. मोजा: बरोबर ६० दिवस. मोठा आर्थिक परिणाम असलेल्या नियमाला प्रकाशनानंतर किमान ६० दिवसांची मोकळीक द्यावी लागते, हे १९९६च्या काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टमुळे. साध्या नियमाला ३० दिवस, १९४६च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्टप्रमाणे. हे दोन आकडे डोक्यात असले की "उद्यापासून लागू" असं कुणी म्हटल्यावर पहिला प्रश्न आपोआप सुचतो: कोणत्या पळवाटेने?

पळवाट आहे, आणि ती कायदेशीर आहे. तिचं नाव 'इंटेरिम फायनल रूल'. आधी लागू करायचं, हरकती मागाहून मागवायच्या. त्यासाठी खात्याला 'गुड कॉज', म्हणजे थांबणं का परवडणारं नाही, ते लिहावं लागतं. ३० ऑक्टोबर २०२५ ला असाच एक नियम आला. कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर जुना परवाना आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालत असे. त्या दिवसापासून किंवा त्यानंतर दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांसाठी ती सोय बंद झाली. छापला त्याच दिवशी लागू. एच-४वर नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी घरांना याचा थेट फटका. तेव्हा सरकारचं कामकाज निधीअभावी बंद होतं, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, आणि राजपत्राचे अंक रोडावलेले होते. बंदच्या काळात ज्यांच्याकडे निधी आहे किंवा जिवाशी-मालमत्तेशी गाठ आहे, अशांचेच दस्तऐवज छापले जातात. यूएससीआयएसचा गाडा मुख्यतः अर्जांच्या शुल्कावर चालतो. "सरकारच बंद आहे, आता काय येणार" असं समजून ज्यांनी त्या महिन्यात साइट पाहिली नाही, ते फसले.

साइटचा दोष इथे नोंदवायला हवा. चाळणीत 'रूल' हा प्रकार निवडला की अंतिम नियम, इंटेरिम फायनल, नुसती तारीख पुढे ढकलणारा नियम आणि छपाईची चूक सुधारणारा, सगळे एकाच रांगेत येतात. वेगळे करायला प्रत्येकाची 'ॲक्शन' ओळ डोळ्यांनी वाचावी लागते. इतकी वर्षं झाली, एवढी एक चाळणी द्यायला काय हरकत होती!

शंभर पानांतलं नेमकं काय वाचायचं

नियमाचा दस्तऐवज शंभर-दीडशे पानांचा सहज होतो. सुरुवातीला एजन्सी, ॲक्शन, समरी, डेट्स, ॲड्रेसेस, मग संपर्काचा मजकूर. त्यानंतर 'सप्लिमेंटरी इन्फर्मेशन' या मथळ्याखाली लांबलचक प्रस्तावना: इतिहास, खात्याची कारणं, खर्चाचा हिशेब, अंतिम नियम असेल तर आलेल्या हरकतींना उत्तरं. खरा नियम अगदी शेवटी, 'लिस्ट ऑफ सब्जेक्ट्स'नंतर. कायद्याचं बळ त्या शेवटच्या पानांना आहे. घाई असेल तर क्रम असा ठेवावा: ॲक्शन, डेट्स, उडी मारून शेवटची पानं, मग शंका उरेल त्यापुरती प्रस्तावना.

शेवटच्या पानांवर एक सापळा आहे. मजकुराच्या मधोमध पाच तारे छापलेले दिसतात. त्याचा अर्थ 'इथला मजकूर आहे तसाच, बदल नाही'. न समजणारा माणूस तिथलं कलम उडवलं असं धरून बसतो. उडवायचं असेल तेव्हा वरच्या सूचनेत 'रिमूव्ह' असं शब्दांत लिहिलेलं असतं. 'रिवाइज' म्हणजे जुनं काढून हे घाला, 'ॲड' म्हणजे भर. सूचना वाचल्याशिवाय खालच्या कलमाला हात घालू नये.

जोडून वाचलेला, सलग मजकूर हवा असेल तर ईसीएफआर या जुळ्या साइटवर जावं. तिथे सगळे केंद्रीय नियम ५० 'टायटल'मध्ये लावलेत. स्थलांतराचे नियम टायटल ८, निर्यातीचे १५, दूरसंचाराचे ४७. एच-१बीचा बहुतेक पसारा टायटल ८, कलम २१४.२च्या 'एच' परिच्छेदात. या साइटवर एक सोय अशी आहे की तिच्यासाठी पैसे मागितले असते तरी लोकांनी दिले असते: जानेवारी २०१७ पासूनची कोणतीही तारीख टाकून त्या दिवशी नियम कसा होता ते पाहता येतं, आणि दोन तारखांची तुलना करून काय गेलं, काय आलं ते रंगांत दिसतं. अडीचशे शब्दांच्या बातमीपेक्षा ही तुलना दोन मिनिटांत जास्त सांगते.

राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांचा विभागही चांगला राखलेला आहे. कार्यकारी आदेशाला क्रमांक मिळतो तो ऑफिस ऑफ द फेडरल रजिस्टरकडे आल्यावर. व्हाइट हाउसच्या पानावर तो नसतो. म्हणून सहीच्या दिवशीच कुणी क्रमांकासकट आदेश सांगितला तर जरा थांबावं. यादीत प्रत्येक आदेशाखाली तो कशामुळे बदलला किंवा रद्द झाला याची नोंद असते. बायडेन यांचा एआयवरचा १४११० क्रमांकाचा आदेश, ३० ऑक्टोबर २०२३ चा, अजूनही कित्येक लेखांत चालू असल्यासारखा उद्धृत होतो; तो २० जानेवारी २०२५ लाच १४१४८ने रद्द केला. एआयबद्दलचा ट्रंप यांचा आदेश १४१७९, २३ जानेवारी २०२५ चा. राष्ट्राध्यक्षांच्या 'मेमोरँडम'ना मात्र असे क्रमांक नाहीत आणि सगळे छापलेही जात नाहीत, तेव्हा त्यांचा शोध इथे अपुरा पडतो.

लागू तारीख म्हणजे लागू आहेच असं नव्हे

ही साइटची सर्वात मोठी उणीव, आणि तिच्या स्वभावातच असलेली. राजपत्र त्या दिवशी काय छापलं ते सांगतं. छापलेलं पान पुढे बदलत नाही. नंतर कोर्टाने नियम झोपवला तरी पानावर जुनीच तारीख.

फेडरल ट्रेड कमिशनचा 'नॉनकंपीट' नियम घ्या, नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायची बंदी घालणारे करार मोडीत काढणारा. छापला ७ मे २०२४ ला, पानावर लागू तारीख ४ सप्टेंबर २०२४. टेक्सासच्या कोर्टाने तो २० ऑगस्ट २०२४ लाच देशभरासाठी बाजूला ठेवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने स्वतःच अपिलातून माघार घेतली. राजपत्राचं पान आजही ४ सप्टेंबरच दाखवतं. ते वाचून कुणी राजीनामा दिला तर दोष साइटचा म्हणता येत नाही, पण वर एक पिवळी पट्टी लावायला हवी होती असं वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. एआय चिपांच्या निर्यातीचा 'डिफ्यूजन' नियम वाणिज्य खात्याने १५ जानेवारी २०२५ ला छापला. सवलतीच्या १८ देशांत भारत नव्हता, म्हणून इथे बरीच चर्चा झाली. पान नीट वाचलं तर तारखा तीन आहेत: छापल्याची १५ जानेवारी, लागू झाल्याची १३ जानेवारी, म्हणजे छापण्याच्याही आधी, आणि पालन सुरू करायची १५ मे. बहुतेकांनी यातली एकच उचलली. पुढे १३ मे २०२५ ला खात्याने हा नियम मागे घेत असल्याचं आणि त्याची अंमलबजावणी करणार नसल्याचं जाहीर केलं, तेही प्रसिद्धिपत्रकातून. पालन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी नियम व्यवहारात मेला, पण त्या दिवशी फक्त फेडरल रजिस्टर पाहणाऱ्याला तो धडधाकट दिसत होता.

तेव्हा कोणत्याही वादग्रस्त नियमासाठी दुसरी खिडकी उघडी ठेवावी. कोर्टाचे कागद सरकारी पेसर प्रणालीवर मिळतात: पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत बिल ३० डॉलरपर्यंतच राहिलं तर माफ. त्याआधी कोर्टलिसनर या ना-नफा साइटवर पाहावं. तिथे गाजलेल्या खटल्यांचे कागद आधीच कुणीतरी चढवून ठेवलेले असतात, फुकट.

हरकत नोंदवताना

प्रस्तावित नियमाच्या पानावर 'सबमिट अ पब्लिक कमेंट' हे बटण असतं. हरकत जाऊन पडते रेग्युलेशन्स डॉट गव्हवर. नागरिकत्वाची अट नाही. पुण्यात बसूनही नोंदवता येते, निनावीही. चौकटीत ५,००० अक्षरं मावतात. जास्त लिहायचं तर फाइल जोडावी, २० फाइली, प्रत्येकी १० एमबीपर्यंत. पाठवल्यावर दिसणारा ट्रॅकिंग क्रमांक लगेच टिपून घ्यावा, पान बंद झालं की शोधाशोध. हरकत लगेच साइटवर दिसत नाही. खातं तपासून लावतं, त्याला दिवस किंवा आठवडेही लागतात. म्हणून दिसली नाही की दुसऱ्यांदा पाठवू नये. मुदत संपते ती पूर्व किनाऱ्याच्या रात्री ११:५९ला, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९ किंवा हिवाळ्यात १०:२९.

पासपोर्ट क्रमांक, यूएससीआयएसचा पावती क्रमांक, घरचा पत्ता असं काही मजकुरात घालू नये. लिहिलेलं सगळं जगजाहीर होतं.

आणि कॉपी-पेस्ट मोहिमांच्या नादी लागू नये. एकसारख्या हरकती खातं एका गठ्ठ्यात धरतं. संख्येचं काय होतं हे २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी दिसलं: दूरसंचार नियामक एफसीसीकडे सुमारे २ कोटी २० लाख हरकती आल्या, आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होत्या. काहींत नावं खरी, माणसांना पत्ता नाही; काहींत नावंच खोटी. खात्याला उत्तर द्यावं लागतं ते महत्त्वाच्या मुद्द्यांना, डोक्यांच्या मोजणीला नाही. चालते ती हरकत अशी: अमुक परिच्छेद, त्यात गृहीत धरलेला अमुक आकडा, तो आमच्या क्षेत्रात का बसत नाही, आणि त्याऐवजी हा पर्याय. अडीच पानं पुरतात. जाता जाता, एफसीसीच्या हरकती रेग्युलेशन्स डॉट गव्हवर जात नाहीत, त्यांची ईसीएफएस नावाची वेगळी प्रणाली आहे. चुकीच्या दारात टाकलेली हरकत कुणी पोचती करत नाही.

शोध, सूचना आणि मध्येच येणारा दरवान

शोध पूर्ण मजकुरात चालतो, त्यामुळे नुसता 'एच-१बी' टाकला की कुठल्याशा नोटिशीच्या तळटीपेतला उल्लेखही वर येतो. आधी एजन्सी निवडावी, मग प्रकार, मग तारीख, आणि क्रम 'नवे आधी' करावा. एकदा दस्तऐवज सापडला की त्यावरचा आरआयएन, म्हणजे नियमाचा ओळख क्रमांक, टिपून ठेवावा. प्रस्तावापासून अंतिम नियमापर्यंत तोच राहतो, शीर्षक मात्र बदलू शकतं. त्याच आरआयएनने रेगइन्फो डॉट गव्हवर पाहिलं तर नियम छापण्याआधी व्हाइट हाउसच्या ओआयआरए कार्यालयात तपासणीला गेलाय का हेही दिसतं. तिथे नाव झळकलं की राजपत्राची चाहूल लागली म्हणायची. वकिलांच्या पत्रांतल्या 'आतल्या बातम्या' बऱ्याचदा इथूनच उचललेल्या असतात.

जमवलेल्या शोधाची ईमेल सूचना किंवा आरएसएस लावता येतो. छापील आणि पब्लिक इन्स्पेक्शन यांची वर्गणी वेगवेगळी घ्यावी लागते, हे विसरून लोक पहिलीच घेतात आणि एक दिवस मागे राहतात. थोडं कोडिंग येत असेल तर एपीआय किल्लीविना खुला आहे. एका पानात १,००० नोंदी, पण एका शोधाच्या पहिल्या २,००० नोंदींपुढे जाता येत नाही. उपाय सोपा, तारखेचे छोटे तुकडे करून मागायचं.

साध्या वाचकाला कधीकधी दारातच अडवलं जातं. साइटवर स्वयंचलित उपसा फार होतो म्हणून संशयास्पद वाटणाऱ्या पत्त्यांपुढे कॅप्चाचं पान येतं. ऑफिसच्या व्हीपीएनवरून किंवा क्लाउडमधल्या मशीनवरून उघडलं की हमखास. व्हीपीएन बंद करून घरच्या जोडणीवरून उघडलं की बहुतेक वेळा सुटतं. लिंक दुसऱ्याला पाठवताना हे लक्षात असावं, नाहीतर समोरचा म्हणतो साइटच बंद आहे.

शेवटी, इथे काय शोधू नये तेही. संसदेत मांडलेली विधेयकं फेडरल रजिस्टरमध्ये नसतात, त्यांच्यासाठी काँग्रेस डॉट गव्ह. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी आउटसोर्सिंगच्या देयकांवर २५ टक्के कर लावायचं 'हायर' विधेयक सादर केलं आणि हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आयटीवाल्यांचे फोन वाजायला लागले. काँग्रेस डॉट गव्हवर प्रत्येक विधेयकाच्या डोक्यावर एक पट्टी असते: सादर, एका सभागृहात मंजूर, दुसऱ्यात मंजूर, राष्ट्राध्यक्षांकडे, कायदा. दर दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त विधेयकं येतात आणि बहुतेक पट्टीच्या पहिल्या टप्प्यावरच बसून राहतात. सध्याची ११९वी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला संपते. तोवर कायदा न झालेलं प्रत्येक विधेयक त्या दिवशी आपोआप निकालात निघतं, आणि मांडणाऱ्याला ते नव्या क्रमांकाने पुन्हा पहिल्यापासून सादर करावं लागतं.